हौद्यातली माती

"बाहेर ये रं लंगड्या! काय ते आज पेठेच्या तोंडावर होऊ दे!"

आमच्या तालमीचा अध्यक्ष जयसिंगबापू सरनोबत आमच्या दारात उभा राहून बोंबलत होता. मागं तालमीची पोरं दाटीनं उभी. नळाला पाणी यायची वेळ, त्यामुळं गल्लीतल्या बायका हंडे-कळश्या घेऊन बाहेरच होत्या, म्हणजे तमाशा बघायला माणसं आयतीच. नेमकी हीच वेळ धरून बापू का आला, ते मला नंतर कळलं.

मी काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आलो.

"अर्ज मागं घेणार का न्हाई?"

"पायाचं ऑपरेशन कर, घेतो. तूच बोलला हुतास माईकवर."

"ऐका रं, ऐका!" बापू पोरांकडं वळला. "तालमीनं ह्याला खुराक दिला, बूट दिलं, पेठेत नाव दिलं. आन हा तालमीवरच तक्रार घालून बसलाय! घरफाळा आपण भरला. करमणूक कर भरला. सगळ्यांची देणी मिटवली. शनिवारी दुपारी तक्रार मिटवायची मुदत संपतीया. तालीम अडकलीया कुठं? तर ह्या सोद्याच्या एका गुडघ्यात!"

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सगळं उलगडून सांगावं लागतं. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. खाली हौदा, म्हणजे तांबडी माती भरलेला कुस्तीचा खड्डा. कोपऱ्यात मारुती. वर माडी. आणि त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ. गणपती तिथंच बसतो, मोहरमचे पंजेही तिथंच बसतात, आणि मॅच हरली की त्या रात्री पेठेत कुणी कुणाशी धड बोलत नाही. आमची चिंचेखालची तालीम. आमचे जन्माचे वैरी वेशीकडची तालीम. मी, संताजी वडणगेकर, चिंचेखालचा सेंटर फॉरवर्ड. नऊ नंबरचा शर्ट माझा. पेठ मला संतू म्हणायची, लाडात संत्या म्हणायची. लंगड्या हे नाव त्या सकाळी बापूनं ठेवलं आणि ते आजवर टिकलंय.

आदल्या साली फायनलला वेशीकडच्यांवर मी गोल मारला. आमच्याकडं गोल झाला की माईकवर बक्षिसांचा पाऊस पडतो. अमक्या सराफाकडून इतके, तमक्या मटणवाल्याकडून तितके. त्यातली निम्मी बक्षिसं माईकवरच विरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझं कौतुक चालू असतानाच वेशीच्या बॅकनं बुटासकट माझ्या गुडघ्यावर उडी घेतली. मला उचलून बाहेर नेत होते तेव्हा बापूनं माईक हिसकावला आणि भरल्या मैदानात सांगितलं, "संतूच्या पायाचा समदा खर्च चिंचेखालची तालीम करणार!" त्यावर अशी आरोळी उठली की दुखतंय हेही मी क्षणभर विसरलो.

मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, वर्षाच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर हा पाय सरळ व्हायचा नाही. मी बापूच्या उंबऱ्याला खेटे घालू लागलो. गणपती होऊ दे. दसरा होऊ दे. पावत्या फाडायच्यात, त्या होऊ देत. तिकडं फौंड्रीतलं माझं काम गेलं, कारण एका पायावर भट्टीपुढं कोण उभं करून घेणार? शेवटी मी फुटबॉल संघटनेकडं तक्रार टाकली. त्याच साली संघटनेनं नवा नियम आणला होता. ज्या संघाकडं खेळाडूचं देणं थकलंय, किंवा पालिकेचा कर थकलाय, त्याची नोंदणी रद्द. नाव कितीही मोठं असो. कुणाला ते खरं वाटलं नव्हतं, पण मुदत जवळ आली तशी सगळ्या पेठांची तंतरली.

तर त्या सकाळी पंडू हारुगले पुढं आला. आमचा गोलकीपर. पाटी-पेन्सिलीपासूनचा माझा दोस्त.

"संत्या, घे की गा मागं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या पायाचं आपण बघू. पेठेत वर्गणी काढू. तुझ्या पाया पडतो गा."

मी विरघळलो होतो, खोटं कशाला सांगू? पंडूच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तोंड उघडणार तोच बापूनं पंडूला दंडाला धरून मागं ओढलं.

"कुणाच्या पाया पडतोस रं! चिंचेखालची तालीम भीक मागत न्हाई! ए लंगड्या, घेऊच नकोस मागं! बघू तुझ्यात किती दम हाय! वेशीकडच्यांनी किती दिलं तेवढं सांग फक्त!"

"काय म्हणालास?"

"वेशीचं खातोयस म्हणालो. आन तुझी आईबी खातीया."

आई नळावरून येत होती. तिच्या कानावर हे पडलं. मी काठी उगारली, दोन पोरांनी मला धरलं, आणि मी ओरडलो, "आता मेलो तरी अर्ज मागं घेत न्हाई! जा, बुडू दे तुझी तालीम!"

गल्लीतल्या प्रत्येक बाईनं ते ऐकलं. बापू एक शब्द न बोलता वळला आणि निघून गेला. इतका आरडाओरडा करणारा माणूस एकदम गप्प कसा झाला, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही.

पुढचे दिवस पेठेनं आमचं जिणं हराम केलं. आई पाण्याला गेली की तिची घागर बाजूला सरकवायच्या. हंबीर न्हाव्यानं मला खुर्चीवरून उठवलं, म्हणाला, वस्तरा वेशीत मिळंल, तिकडं जा. कौलांवर दगड पडले. दारावर कुणी कोळशानं नऊचा आकडा काढला आणि त्यावर फुली मारली. ज्यांनी मला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं तीच ही पोरं. आई त्या दाराला ओलं फडकं लावत होती आणि तोंडानं सगळ्या पेठेच्या सात पिढ्या उद्धरत होती. माझी आई गप्प बसणारी बाई नव्हती.

शुक्रवारी दुपारी लहू वस्ताद आला.

लहू वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचा म्हातारा. बायको-पोरं नाहीत. तालमीच्या माडीवर खोली, तालमीचं दूध, आणि पहाटेपासून हौद्याची चाकरी. माती उकरायची, तीत ताक, तेल, हळद, कापूर, लिंबाचा रस घालायचा, पुन्हा उकरायची. स्वतःच्या लेकराला न्हाऊ घालावं तशी त्यानं ती माती सांभाळली होती. कुस्त्या खेळून त्याचे दोन्ही कान मोडून गोळा झाले होते, पण कानाचा असा तिखट माणूस मी दुसरा बघितला नाही. हौद्याकडं पाठ करून बसायचा आणि आमच्या धापांवरून ओळखायचा. "संत्या, तोंडानं श्वास घिऊ नगं." मागं न बघता! बाप गेला तेव्हा मी लहान होतो. मला तालमीत नेलं, वाढवलं, ते ह्या माणसानं. पाय मोडल्यावर रोज येऊन तेल चोळत होता तोही हाच, आणि बापूला काय वाटेल ते न बघता येत होता.

तो उंबऱ्याबाहेरच बसला.

"संत्या, अर्ज मागं घे."

"तुम्हीपण? तुम्हाला बापूनं पाठवलं?"

"बापूनं न्हाई. उलटा म्हणाला, वस्ताद, जाऊ नका, त्यो ऐकायचा न्हाई. मी माझा आलोय."

आई आतून बाहेर आली. "वस्ताद, माझ्या पोराचा पाय वाकडा झालाय. तुमच्या तालमीला पाय हायती का, ती लंगडी व्हायला?"

"न्हाईत बाई," वस्ताद म्हणाला. "म्हणून तर तिला उचलून धराय लागतंय. एकदा संघ बाद झाला की पोरं दुसऱ्या पेठेत जाणार. संघ गेला की वर्गणी गेली. मग हौद्यात कोण उतरणार? माझं काय, मी आज हाय उद्या न्हाई. पर संत्या, तालीम गेली तर ती तुझ्या नावावर जाईल. तुझ्या पोरांना ऐकवतील. हिच्या बानं तालीम बुडवली म्हणतील तुझ्या लेकीला, लगीन मोडंल तिचं. एवढं वझं घिऊन ह्या पेठेत ऱ्हाशील तू?"

हेच मला झोपू देत नव्हतं. पाय गेला तर मी लंगडा होणार होतो, पण तालीम गेली तर मी घरभेदी होणार होतो. बापाचा फोटो तालमीच्या भिंतीवर होता. त्याच भिंतीखालून मला मान खाली घालून जावं लागणार होतं, जन्मभर.

"आन पायाचं काय?"

"म्या आजवर तुझ्याकडं काय मागितलं?"

काही मागितलं नव्हतं. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडं बघू नगंस. तुझा पाय, तुझी अक्कल." आणि फणकाऱ्यानं आत गेली. पण शनिवारी सकाळी निघताना तिनंच माझ्या हातात काठी दिली.

मी आणि वस्ताद रिक्षानं संघटनेच्या कचेरीत गेलो. सेक्रेटरी कुरणे म्हणून होते, शाळामास्तर असल्यागत माणूस. मी म्हणालो, माझी तक्रार मागं घ्यायची आहे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुणी दमदाटी केली का?"

"न्हाई. माझ्या खुशीनं."

"एकदा मागं घेतली की पुन्हा करता येत नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

मी सही केली. माझ्या पायावर सही केली म्हणा ना. वस्तादनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि लहानपणी पहिल्यांदा कुस्ती मारली तेव्हा वाटलं होतं तसं मला वाटलं.

"मग झालं न्हवं सायेब?" वस्ताद म्हणाला. "आता आमची तालीम खेळणार."

कुरण्यांनी चष्मा काढला. "वस्ताद, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"काय?"

"तुमची तालीम ह्याच्या तक्रारीमुळं अडलेलीच नव्हती. एका खेळाडूच्या तक्रारीला आम्ही सवड देतो, हप्ते बांधून देतो. तुमचा घरफाळा कैक वर्षांचा थकलाय. तालमीच्या गाळ्यांची भाडी येतात, पण पालिकेला दमडी गेलेली नाही. परवाच्या स्पर्धेची तिकिटं विकली, त्याचा करमणूक करही भरलेला नाही. पालिकेनं दाखला द्यायला चक्क नकार दिलाय. तुमचे अध्यक्ष गेल्या आठवड्यातच येऊन गेले. मुदत मागत होते. आम्ही नाही म्हणालो, कारण दाखल्याची मुदत तेव्हाच संपली होती; आजची मुदत फक्त खेळाडूंच्या तक्रारींची. तुमची नोंदणी रद्द झाली, हे त्यांना तेव्हाच तोंडी सांगितलं."

"पुन्हा सांगा," वस्ताद म्हणाला.

कुरण्यांनी पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्यापासून.

गेल्या आठवड्यात! म्हणजे बापू आमच्या दारात आला त्याच्या आधी! माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. गाळ्यांची भाडी बापूकडं, तिकिटांचा गल्ला बापूकडं, आणि पालिकेच्या निवडणुकीला आमच्या वॉर्डातून उभा राहणार होता तोही बापूच. तालीम बुडवली म्हणून पेठ त्याला उभा चिरणार होती. त्याला दुसरा कुणीतरी पाहिजे होता. मी अर्ज मागं घेतला असता तर त्याची पंचाईत झाली असती, म्हणून पंडूला मागं ओढलं, म्हणून आईवर घसरला, म्हणून पाण्याची वेळ धरून आला. "बुडू दे तुझी तालीम" हे माझ्या तोंडून त्याला सगळ्या गल्लीसमोर वदवून घ्यायचं होतं. आणि मी येडपट, मी तंतोतंत तेच बोललो.

"माझी सही फाडा," मी म्हणालो. "मी मागं घेत नाही!"

"आता ते होणार नाही, बाबा," कुरणे म्हणाले. "आणि संघच राहिला नाही, तर वसूल कुणाकडून करू? वाईट वाटतं मला."

त्यांच्या वाईट वाटण्याचं मी काय लोणचं घालू? मी टेबलावर काठी आपटली आणि बाहेर पडलो.

रिक्षात मी म्हणालो, "माझ्यावर पेठेत कुणी विश्वास ठेवणार नाही. संघटना वेशीवाल्यांच्या खिशात आहे म्हणतात, तेव्हा कुरण्यांचंही कुणी ऐकणार नाही. वस्ताद, सगळं तुमच्या शब्दावर आहे."

"मी सांगतो," तो म्हणाला. "माझ्या तोंडानं सांगतो. माझ्या हौद्यापुढं सांगतो. तू भिऊ नगंस."

मी भ्यालो नाही. त्याच्या शब्दावर मी झोपसुद्धा काढली त्या दुपारी.

संध्याकाळी तालमीत सगळी पेठ जमली. नोंदणी रद्द झाल्याची बातमी आधीच पोचली होती. मी दारात चपला काढल्या आणि आत पाय टाकला, तसा सगळा गलका एकदम थांबला. बापू मारुतीपुढं उभा होता, कपाळाला शेंदूर लावून.

"संघटनेनं आपल्याला बाद केलं," तो म्हणाला. आवाज अगदी रडवेला काढला होता भामट्यानं. "आजा-पणज्याची तालीम. कुणामुळं गेली, ते मी माझ्या तोंडानं सांगत न्हाई. त्यो बघा, काठी टेकून उभा हाय."

"मी तक्रार मागं घेतली आज सकाळी!" मी ओरडलो. "ह्यानं घरफाळा भरला नाही! तिकिटांचा कर खाल्ला! तालीम ह्यानं बुडवली!"

हसली की पोरं! पंडू हसला नाही. पंडू माझ्यापुढं येऊन थुंकला. "तुझ्या तोंडानं बोलला हुतास, बुडू दे म्हणून. माझ्या कानांनी ऐकलंय. आता बापूवर ढकलतोस?"

तेव्हा मला आमच्या तालमीची रीत आठवली. दोघांचा वाद कशानंच मिटला नाही, की चपला काढून हौद्यात उतरायचं, मूठभर माती उचलायची आणि काय ते बोलायचं. माती हातात घेऊन खोटं बोलणारा माणूस मी बघितला नव्हता. चोऱ्या कबूल केलेली माणसं बघितली होती, बायको टाकल्याचं कबूल करून ढसाढसा रडलेला एक पैलवान बघितला होता. बाहेर काय वाटेल ते बोला, त्या हौद्यात माणूस खरंच बोलायचा, असं मी धरून चाललो होतो. बापू त्याच मातीत वाढलेला, वस्तादचाच पठ्ठ्या.

"बापू," मी म्हणालो, "उतर हौद्यात. माती उचल आन सांग."

भिंतीला टेकून बसलेल्या वस्तादनं मान वर केली. बापूनं माझ्याकडं बघितलं, मग डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी करून ठेवली. हौद्यात उतरला. वाकून मूठ भरली.

"ह्या मातीची आण," तो म्हणाला, माझ्या डोळ्यांत डोळे घालून. "तालमीचा एक पैसा मी थकवला न्हाई. तालीम बुडाली ती संत्या वडणगेकराच्या अर्जानं."

काहीच झालं नाही. माती त्याच्या बोटांतून गळत राहिली, मारुती जागच्या जागी राहिला, आणि बापूचा हात कापलासुद्धा नाही.

"वस्ताद!" मी म्हणालो. "वस्ताद होते माझ्याबरोबर! वस्ताद, सांगा ह्यांना. कुरणे काय म्हणाले ते सांगा."

सगळी पेठ वस्तादकडं वळली. बापूही वळला. मूठ अजून तशीच होती.

"व्हय वस्ताद, बोला की," बापू गोड आवाजात म्हणाला. "जन्मभर तालमीचं खाल्लंसा, तालमीतच निजलासा. काय ते बोला. तुमचा शब्द आमाला मान्य."

वस्ताद उठला. भिंतीला धरून उठला, असा तो कधी उठत नसे. त्यानं माझ्याकडं बघितलं, वर माडीकडं बघितलं, आणि मग आपल्या मोडक्या कानाला हात लावला.

"मला कमी ऐकू येतं, बापू," तो म्हणाला. "सायेब काय बोलला, मला कळलं न्हाई."

त्यानंतर कुणी आधी हात टाकला ते मला सांगता यायचं नाही. पंडूनं माझी गचांडी धरली एवढं आठवतं. काठी मोडली. मला ओढत बाहेर आणलं आणि चिंचेच्या बुंध्याशी टाकलं. आई धावत आली, तिनं मला उठवलं आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हौद्यात मुंगी शिंकली तर ऐकू येतं त्याला! आज बहिरा झाला व्हय थेरडा!"

दुसऱ्या दिवशी पेपरात एवढंच आलं, की थकीत देण्यांमुळं चिंचेखालच्या तालमीची नोंदणी रद्द. पेठेनं त्या थकीत देण्यांचा अर्थ लावला माझा गुडघा. पोरं पांगली. चार वेशीकडं गेली, पंडूही त्यांच्यातच गेला, आणि तिकडं जाऊन त्यानं सांगितलं की संत्यामुळं आम्हाला घर सोडावं लागलं. बापू निवडून आला. आमचा बापू, बिचारा, ह्यानं सोसलं तेवढं कुणी सोसलं नाही म्हणून! माझा पाय कायमचा वाकडा राहिला. आज मी इचलकरंजीला राहतो, चार पॉवरलूम सांभाळतो, आणि कोल्हापुरात पाय ठेवला की अजून कुणीतरी पानाच्या ठेल्यावरून म्हणतंच, त्यो बघ, तालीम बुडवलेला लंगड्या. माझ्या लेकीच्या सोयरिकीतही ते निघालं. वस्ताद बोलला होता ते तसंच झालं. तालीम मात्र तो माझ्या दारात बोलल्यानंही वाचली नव्हती आणि हौद्यापुढं न बोलल्यानंही वाचली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसाचं.

मला उचलून टाकलं तेव्हा माझ्या चपला तालमीच्या दारातच राहिल्या होत्या. आई म्हणत होती, जाऊ दे मसणात. पण माझ्या बापाच्या तालमीच्या दारातून मी अनवाणी आलो, हे मला सोसवेना. उजाडलं तसा आईचं मुसळ काठीसारखं टेकत तिथं गेलो. रविवार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दार उघडं होतं. चपला होत्या तिथंच होत्या. वाकायला जमेना म्हणून मी भिंतीला धरून पायानंच त्या ओढत होतो, आणि आतून खोऱ्याचा आवाज आला.

लहू वस्ताद हौद्यात उभा होता. कमरेला लंगोट, अंगावर घाम. खोऱ्यानं माती ओढत होता आणि पाटीत भरत होता. मागच्या दारातून पाट्या बाहेर नेऊन गटाराकडेला ओतत होता. निम्मा हौदा खाली झाला होता. किती वेळ चाललं होतं हे, कुणास ठाऊक. ज्या मातीला त्यानं जन्मभर ताक-तेल पाजलं, तिचा ढीग गटारात पडला होता आणि हळद-कापराचा वास सगळ्या बोळात कोंदला होता. हौद्याचा तळ, खालचा काळा दगड, मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

माझ्या चपलेचा नुसता घसरा वाजला. त्याची पाठ होती माझ्याकडं. मागं न बघता तो म्हणाला, "संत्या?"

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

"खोटी पडली ही माती," तो म्हणाला. "आता हिच्यात पोर उतरवायचं न्हाई."

"काल बोलायचं होतं."

"काल..." तो खोऱ्यावर टेकला. "मी म्हातारा माणूस. मला हितनं भायेर काढलं असतं तर मी कुठं गेलो असतो रं? कुणाच्या दारात पडलो असतो?"

"माझ्या," मी म्हणालो. "आईनं एक भाकरी जादा थापली असती."

त्यानं तोंड फिरवलं. पाटी भरली. दोन्ही हातांनी धरून उचलायला गेला, गुडघ्यापर्यंत आणली, आणि पाटी पुन्हा खाली बसली. एवढी माती उपसून त्याच्यात काही उरलं नव्हतं. हात तसेच पाटीला ठेवून तो म्हणाला, "संत्या, डोईवर द्यायला जरा हात लाव."

लहानपणापासून किती पाट्या मी त्याच्या डोईवर दिल्या असतील. त्याच्या आवाजात माझं नाव अजून तसंच यायचं, तोंडानं श्वास घेऊ नगं म्हणायचा तसं. मी चपला पायात घातल्या. हौद्याच्या काठापर्यंत गेलो, चपलांसकट, आणि त्याच्या मोडक्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो,

"मला कमी ऐकू येतं, वस्ताद."

आणि वळून चालू लागलो. त्याला चांगलं ऐकू गेलं. मागं पाटी फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज मला गल्लीच्या वळणापर्यंत येत होता.